निरीक्षक क्रमांक चार

६ जानेवारी

एकतीस वर्षं मी दुसऱ्याचं बोलणं लिहिलं. बोलणारा माझा थोरला भाऊ, दादा. तो गुडघे टेकून जमिनीवर बसायचा, दोरीच्या चौकटीत काय काय उगवलंय आणि कशानं किती जमीन झाकलीय ते सांगत जायचा, आणि मी फळीवर कागद ठेवून उतरवून घ्यायचो. वनस्पती सर्वेक्षणात अशीच पद्धत असते, एक बोलणारा आणि एक लिहिणारा. सख्खे भाऊ असलेली जोडी मात्र आमची एकटीच होती. दादा चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला. मी ऑगस्टमध्ये होईन. तोवर टेबलाशी बसून जुने कागद संगणकात चढवायचे.

आज कपाट आवरताना ही कोरी डायरी सापडली. म्हटलं, जाता जाता थोडं स्वतःचंही लिहून बघू. अक्षर अजून छान आहे. कौतुक करायला कुणी नाही, म्हणून मीच करतो.

काम मोठं आहे. सगळ्या कार्यालयांतल्या, सगळ्या काळातल्या चौकटी एकत्र करायच्या. बारा हजारांच्या वर आहेत. सारखा झाडोरा असलेल्या चौकटींचे संगणक गट पाडणार, प्रत्येक गटाला नाव मिळणार आणि त्यावरून साऱ्या मुलखाचा नकाशा होणार. प्रमुख म्हणतात, पुढची पन्नास वर्षं संशोधक या नकाशावर उभे राहतील. प्रमुखांना मोठं बोलायची सवय आहे, पण या वेळी मला त्यांचं पटतं. कारण त्या बारा हजारांतल्या दोन हजार तीनशे चाळीस दादाच्या आहेत. निरीक्षक क्रमांक चार. त्याच्याइतक्या कुणाच्याच नाहीत. लिहिणाऱ्यासाठी रकाना नाही. नसू दे.

९ जानेवारी

मी वरच्या मजल्यावर राहतो, दादा आणि वहिनी खाली. संध्याकाळी खाली डोकावलो. दादा टीव्हीचा आवाज बंद करून चित्रं बघत बसला होता. "आज कुठं गेला होतास?" म्हणाला. नकाशाचं सांगितलं. त्याच्या चौकटी सगळ्यात जास्त आहेत म्हटल्यावर खूश झाला. दहा मिनिटांनी पुन्हा विचारलं, "आज कुठं गेला होतास?" मी पुन्हा सांगितलं, तो पुन्हा खूश झाला. निवृत्त माणसाला बोलायला विषय लागतो.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. "भावजी, यांना एकदा डॉक्टरांना दाखवू या का?" म्हणाल्या. मी म्हटलं, वय झालं की थोडं विसरायला होतंच, मीही चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतो. वहिनी हसल्या नाहीत. उगाच राईचा पर्वत करायचा त्यांचा स्वभाव नाही, पण एकट्या असतात दिवसभर त्याच्याबरोबर.

२२ जानेवारी

गट पडले. सत्तावीस झाले. आमच्याकडे आलेली नवी मुलगी, गोल चष्म्याची, मी तिला चष्मेवालीच म्हणतो आणि ती मला काका म्हणते, तिनं सगळ्यांना पडद्यावर दाखवले. रंगीत ठिपक्यांचे ढग असतात तसे. सव्वीस ढग एकमेकांत थोडे थोडे मिसळलेले, आणि एक सगळ्यांपासून फटकून कोपऱ्यात उभा. सत्तावीस क्रमांकाचा.

त्यात त्रेसष्ट चौकटी आहेत. सगळ्या कोरड्या उतारावरच्या. कुसळी गवत, आणि त्यात माका, नेचा, आंबुशी, घोळ. चष्मेवालीनं नाक मुरडलं. "काका, माक्याला ओल लागते, नेच्याला सावली. ही मंडळी उघड्या उतारावर एकत्र कशी?" मी म्हटलं, खडकात झिरपा असेल. कुणी बघितलंय? ती म्हणाली, "बघितलंय ना. क्रमांक चारनं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट त्यांच्याच आहेत."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. कुणाला कधी न सापडलेला गट दादाला सापडला होता, आणि आम्हा दोघांना त्याचा पत्ताही नव्हता.

२३ जानेवारी

दादाला सांगितलं. "तुझा गट निघालाय, एकट्या तुझा." तो म्हणाला, "असं का? वा." मी गटाला नाव काढलंय, झिरपा गवताळ. त्याला विचारलं, कसं वाटतं? म्हणाला, छान आहे, तूच ठेव. त्याला कधी श्रेयाची हाव नव्हती. प्रमुखांना सांगून लेख लिहायचा, वर नाव दादाचं. उतारांवर आत पाणी कसं झिरपतं याचा शोध घ्यायला कितीतरी जणांना वाव मिळेल. झोपायला जाताना मी चक्क गुणगुणत होतो.

११ फेब्रुवारी

दुपारी कार्यालयात वहिनींचा फोन आला. दादा केस कापायला गेला तो दोन तास झाले तरी परतला नव्हता. मी तसाच निघालो. दुकान आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. शोधत शोधत बसथांब्यापर्यंत गेलो तर तिथं हे महाराज सापडले, केस न कापलेले, फरसबंदीच्या फटीजवळ उकिडवे बसलेले. फटीत एक रोपटं उगवलं होतं, त्याची पानं बोटानं उलटून बघत होता. जुनी खोड.

मी शेजारी बसलो आणि जुन्या सवयीनं म्हटलं, "हं, बोल. कोण आहे?" त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तू सांग ना." मला हसू आलं. आयुष्यभर मी लिहिलं, आता मी बोलायचं म्हणे. म्हातारपणी थट्टा सुचते त्याला. हाताला धरून घरी आणला. वाटभर त्यानं हात सोडला नाही.

१२ फेब्रुवारी

वहिनी बोलत नाहीत माझ्याशी. काल मी "थट्टा करत होता" म्हणालो तेव्हापासून.

३ मार्च

चष्मेवाली आणि मी उतारावर जाऊन आलो. नकाशात गट घालायचा तर थोड्या चौकटी पुन्हा पाहायच्या असा नियम आहे. मीच पुढे होऊन म्हटलं, चला. जुने कोन दगडांनी खुणावलेले होते, ते मी बरोबर शोधून काढले. तेवढं मला येतं.

पहिल्या चौकटीत कुसळी आणि हरळी. दुसरीत तेच. सात चौकटी केल्या. माका नाही, नेचा नाही, घोळ नाही. झिरपा तर नाहीच, हात घालावा तिथं माती कोरडी ठक्क. आंबुशी एका ठिकाणी, दगडाच्या आडोशाला, ती कुठंही उगवते. चष्मेवाली गुडघे झाडत उठली आणि तिनं विचारलं, "काका, तुम्ही इथं होतात ना? माका कुठल्या बाजूला होता?"

मी दाखवायला हात उचलला आणि तसाच राहिलो. माका कसा दिसतो ते मला माहीत नाही. म्हणजे पांढरं फूल असतं, हे माहीत आहे. पण जमिनीवरच्या हिरव्या गर्दीतून, फूल नसताना, हा माका असं मी कधी ओळखलेलं नाही. चौदाशे वनस्पतींची नावं मी न अडखळता लिहू शकतो, शास्त्रीय नावांसकट, एक काना इकडचा तिकडे होणार नाही. पण माझी मान सतत कागदावर असायची. बघायचं काम दादाचं होतं.

"आठवत नाही," म्हणालो. पोरीनं मान डोलावली आणि पाण्याची बाटली पुढे केली. तिच्या त्या चांगुलपणानं मला जास्त लाज वाटली.

५ मार्च

दुष्काळ पडला असेल मधल्या काळात. झिरपे आटतात.

१४ मार्च

लिहावं की नाही समजत नाही. पण ही डायरी कोण वाचणार आहे.

चष्मेवालीनं आज मूळ कागद मागवून घेतले, माझ्या हातचे. त्रेसष्ट कागद टेबलावर पसरले आणि मला बोलावलं. म्हणाली, "काका, इतका सुबक गट निसर्गात नसतो. म्हणून मला पहिल्यापासून खटकत होतं. आता क्रम बघा." प्रत्येक कागदावर कुसळीनंतर नावं एकाच क्रमानं आलेली. आंबुशी, घोळ, नेचा, माका. त्रेसष्ट वेळा. "माणूस चौकटीत डावीकडून उजवीकडे बघतो, उंचाकडून बुटक्याकडे बघतो," ती म्हणाली. "दर चौकटीत क्रम बदलायला हवा. हा कुठला क्रम आहे?"

मला बघताक्षणी कळलं. माझ्या फळीला वरच्या बाजूला एक कार्ड चिकटवलेलं असायचं. नेहमी लागणाऱ्या नावांची लघुरूपं, लिहिताना वेळ वाचावा म्हणून मीच केलेलं, सुरेख अक्षरात. आंबुशी, घोळ, नेचा, माका. कार्डाची पहिली ओळ.

शेवटच्या हंगामांत दादा मध्येच थांबायचा. "हे, ते आपलं..." म्हणायचा आणि बोटं नाचवायचा. मी कार्डाकडे बघून विचारायचो, "आंबुशी?" तो म्हणायचा, "हं, तेच." "घोळ आहे का?" "हो, तेच ते." मला वाटायचं, थकलाय, शब्द ओठावर आहे, आपण हातभार लावू. सगळे म्हातारे होतात. काम लवकर उरकायचं, बस चुकायची नाही. मी विचारत गेलो, तो हो म्हणत गेला.

म्हणजे तो गट उतारावर कधीच नव्हता. दादालाही तो कधी सापडला नव्हता. माझ्या फळीवर होता, माझ्या अक्षरात.

मी चष्मेवालीला सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढून पुसला. मग विचारलं, "काका, ते थकले नव्हते ना?"

मी कागद गोळा केले.

१५ मार्च

खाली गेलो. वहिनींना म्हटलं, डॉक्टरांची वेळ घ्या, मी येतो बरोबर. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. म्हणाल्या, "वेळ केव्हाच घेतलीय. गुरुवारची. तुम्ही हो म्हणायची वाट बघत होते."

२० मार्च

डॉक्टरांनी दादाला घड्याळ काढायला सांगितलं. त्यानं गोल सुंदर काढला, हात स्थिर आहे अजून, आणि बाराचे बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. मग उरलेल्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिला.

बाहेर येऊन डॉक्टर आमच्या दोघांशी बोलले. आजाराचं नाव सांगितलं. हे आजचं नाही म्हणाले, निदान सहा-सात वर्षांचं असावं, घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही का? वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

२ एप्रिल

प्रमुखांनी बैठक बोलावली. सत्तावीस क्रमांकाचा गट रद्द. ते व्हायचंच होतं. पण पुढचं ऐकून मी उभाच राहिलो. क्रमांक चारच्या सगळ्याच चौकटी काढायच्या असं दोन-तीन जणांचं म्हणणं पडलं. दोन हजार तीनशे चाळीस. एकाच्या शेवटच्या नोंदी खोट्या तर आधीच्यांचा भरवसा काय, आणि या नकाशावर पुढचे लोक काम करणार, सडकं बी पेरायचं नाही. बोलणारे वाईट लोक नाहीत. त्यांच्या जागी दादा असता तर त्यानंही हेच म्हटलं असतं, आणि अधिक चढ्या आवाजात.

चष्मेवाली भांडली. म्हणाली, आधीच्या नोंदी सगळ्या कसोट्यांना उतरतात, अठ्ठावीस वर्षांच्या आहेत, अर्ध्या जागी आता रस्ते आणि गोदामं झालीत, तिथं काय होतं हे सांगणारं दुसरं कुणी नाही. प्रमुखांनी मधला मार्ग काढला. कधीपासून नोंदी बिघडल्या ती तारीख मिळाली तर त्याआधीच्या ठेवू. तारीख नसेल तर सगळ्या जातील.

बाहेर आल्यावर चष्मेवाली मला म्हणाली, "कार्डाचा क्रम जिथून सुरू होतो तिथून मशीनला कळतं. सात वर्षांपूर्वीचा हंगाम. पण त्याआधी तुम्ही एखादं नाव सुचवलं असेल आणि ते बरोबर निघालं असेल, तर मला ते कधीच दिसणार नाही. ते तुम्हालाच माहीत. काका, पहिल्यांदा कधी झालं?"

विचार करून सांगतो म्हणालो.

६ एप्रिल

सात वर्षांपूर्वीचा हंगाम, पहिला दिवस. हीच तारीख. मशीनही तेच म्हणतंय. त्यापासून पुढच्या तीन हंगामांच्या दोनशे चौदा चौकटी जातात आणि एकवीसशे सव्वीस राहतात. त्याआधी काही नव्हतं.

९ एप्रिल

त्याआधी खरंच काही नव्हतं. त्याच्या आदल्या हंगामात आम्ही तळ्याकाठी काम केलं, शहाण्णव चौकटी, दादाच्या नोकरीतलं सगळ्यात नावाजलेलं काम. त्याचं प्रशस्तिपत्र खाली बाहेरच्या खोलीत चौकटीत लावलेलं आहे, खात्यानं त्याला दिलेली ती एकुलती एक शाबासकी. ऊन फार होतं त्या वेळी, एवढंच. उन्हानं कुणीही अडखळतो.

१७ एप्रिल

प्रमुख आज भलतेच खुशीत होते. म्हणाले, या प्रकरणातून स्वतंत्र शोधनिबंध निघेल. निरीक्षकाची स्मृती ढळत जाते तशा नोंदी कशा बदलतात, हे एवढ्या मोठ्या संग्रहावर आजवर कुणी पाहिलेलं नाही. तारीख पक्की झाली की आधीच्या आणि नंतरच्या चौकटी शेजारी शेजारी ठेवता येतील. केवढी संधी आहे बघा.

मी म्हटलं, "साहेब, माझा भाऊ हयात आहे."

"अर्थात, अर्थात," म्हणाले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नाही. पण मला तो हात झटकून टाकावासा वाटला आणि मी तो झटकला नाही. खाली मान घालून कागद लावत बसलो.

२५ एप्रिल

अर्ज आला. 'निरीक्षकाच्या नोंदी ग्राह्य धरण्याचा कालावधी', अमुकपासून अमुकपर्यंत. खाली दोन सह्या, निरीक्षक आणि नोंद घेणारा. चष्मेवालीनं मुद्दाम दुसरी ओळ घालून घेतली म्हणे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी जागा झाली, ती अशा कागदावर.

दादाच्या सहीची गरज काय, मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांच्या नोंदी आहेत, काका. त्यांना न विचारता कशा काढायच्या?" मला राग आला. मग वाटलं, गेल्या तीन महिन्यांत त्याला काही विचारायचं सुचलेलं हे पहिलंच माणूस.

२८ एप्रिल

वहिनींना अर्ज दाखवला. मूग गिळून बसण्यात अर्थ नव्हता. कार्डाचं, उताराचं, सगळं सांगितलं. त्या हातातलं काम ठेवून ऐकत होत्या. मी म्हटलं, मला तेव्हाच कळायला हवं होतं, मी कानाडोळा केला.

वहिनी म्हणाल्या, "मला घरात दिसत होतं. पण रोज सकाळी तुमच्याबरोबर कामाला जायचे, संध्याकाळी भरलेले कागद घेऊन यायचे. मला वाटायचं, कामात इतके चोख आहेत, तर माझाच काहीतरी गैरसमज होतोय. ते कागद बघून मी गप्प बसले."

माझ्या सुबक कागदांनी तिकडे त्यांचंही तोंड बंद केलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, लवकर आणलं असतं तर थोडी वर्षं बरी गेली असती. त्या दोघांची वर्षं होती ती.

वहिनींनी मला एकही कठोर शब्द ऐकवला नाही. मीच तिथं बसून रडलो, साठीला आलेला माणूस. त्यांनी आतून नॅपकिन आणून दिला आणि म्हणाल्या, "रविवारी सकाळी या. सकाळी जरा बरे असतात."

४ मे

गेलो. दादा अंघोळ करून, भांग पाडून टेबलाशी बसला होता. वहिनींनी त्याला सांगून ठेवलं होतं की कार्यालयाचा कागद सही करायचा आहे, त्यामुळे तोऱ्यात होता. चष्मा लावला, अर्ज समोर ओढला आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागला. मी म्हटलं, लांबलचक आहे, सही कर फक्त. त्यानं डावा हात वर केला, थांब म्हणून. न वाचता सही करणाऱ्यांवर तो नेहमी खेकसायचा.

बराच वेळ लागला. परत परत पहिल्या ओळीवर यायचा. वहिनी त्याच्या पाठीशी उभ्या होत्या. मग त्याचं बोट तारखेवर थांबलं.

"ही कुणी लिहिली?"

"मी."

"चुकलीय."

मी म्हटलं, नाही दादा, मशीनमध्येही हीच निघालीय. तो मान हलवत राहिला. "तळ्याचा दुसरा दिवस," म्हणाला.

दादा, अरे तळ्याच्या कामाचं तर तुला प्रशस्तिपत्र मिळालंय, ते बघ भिंतीवर, असं काहीबाही मी बोललो. त्यानं भिंतीकडे बघितलंही नाही. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता, पंजा उघडून टेबलावर पालथा ठेवलेला.

"हरळी होती," तो म्हणाला. "साधी हरळी. ह्या हाताखाली होती. लहानपणापासून बघतोय आपण. नाव येईना. पुष्कळ शोधलं. मग तू म्हणालास, हरळी. बरोबर म्हणालास तू. पण मला येत नव्हतं."

मला तो दिवस आठवत होता. इतके दिवस आठवतच होता. ऊन नव्हतं. ढगाळ होतं, वारा सुटला होता, कागद उडू नये म्हणून मी कोपरानं दाबून धरला होता. दादानं मान वर करून माझ्याकडे बघितलं होतं, आणि त्याच्या तोंडावर जे होतं ते मी थकवा म्हणून खपवलं. ती भीती होती. मी हरळी म्हणालो, लिहिलं, आणि पुढच्या चौकटीकडे निघालो.

"सांगायचं होतंस रे मला," मी म्हणालो.

"तू भेदरला असतास," दादा म्हणाला. "मग लिहिलं कोणी असतं?"

वहिनींचा हात त्याच्या खांद्यावर होता, तो त्यांनी घट्ट केला. दादानं पेन माझ्याकडे सरकवलं. मी तारखेवर एक रेघ मारली आणि वर तळ्याचा दुसरा दिवस लिहिला. नव्वद चौकटी आणखी गेल्या. पहिल्या दिवसाच्या सहा तेवढ्या राहिल्या, आणि त्याआधीच्या सगळ्या. दोन हजार छत्तीस. आता त्यांना कुणी बोट लावू शकणार नाही. माझ्या तारखेनं त्या उरल्या असत्या, पण त्यात खोट राहिली असती, आणि ती मला एकट्याला माहीत असती.

त्यानं सही केली. पहिल्यांदा आडनावावर अडखळला, मग पूर्ण केली. शेजारच्या ओळीत मी केली. दोन सह्या शेजारी शेजारी बघून त्याला बरं वाटलं असावं, तो कागद हातात घेऊन बघत राहिला. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मीही डोळे पुसून घेतले.

मग त्यानं अर्जाच्या माथ्यावर बोट ठेवलं आणि सावकाश वाचलं, निरीक्षक क्रमांक चार. मला विचारलं, "हा कामाला कसा होता?"

"फार चांगला होता," मी म्हणालो.

"मग त्याला काढताय कशाला?"

काढत नाही दादा, ठेवतोय, असं मी म्हणालो. पण तोवर त्यानं कागद खाली ठेवला होता आणि तो आतल्या दाराकडे बघून चहाची वाट पाहत होता.